सोया सॉस नेमका बनतो कसा? युआसा गावात फिरत फिरत समजून घेऊ

आपल्याकडे सोया सॉस म्हटलं की चायनीजची गाडी आठवते, ती झाकणाला भोक पाडलेली काळी बाटली आणि कढईत पडणारी तिची धार. मला कित्येक वर्षं वाटायचं की सोयाबीन उकळून त्यात मीठ नि काळा रंग घालत असतील, अजून काय असणार. मग नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही ओसाकाला राहायला गेलो आणि आई-बाबा भेटायला आले. बाबांना काहीही करून कोयासानला जायचं होतं कारण तिथल्या कोयासान विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे, २०१५ मध्ये आपल्या मुख्यमंत्र्यांनी तिकडे जाऊन त्याचं अनावरण केलं होतं. कोयासान वाकायामा प्रांतात येतं, आणि त्याच प्रांतात समुद्राकाठी युआसा नावाचं छोटं गाव आहे, जिथे जपानी सोया सॉसचा जन्म झाला असं म्हणतात. म्हटलं एवढे लांबून आलेत तर दुसऱ्या दिवशी हेही दाखवू.

आता खरं सांगते, युआसा नुसतं बघायला गेलात तर तासाभरात संपतं. दोन-चार गल्ल्या, लाकडी जाळीच्या खिडक्यांची जुनी घरं, राखाडी कौलं, एक छोटा कालवा, बस. पण पिंपात आत काय चालतं हे आधी माहीत असेल ना, तर त्याच गल्लीतल्या प्रत्येक गोष्टीला अर्थ येतो. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आधी गोष्ट. तेराव्या शतकात काकुशिन नावाचे एक बौद्ध भिक्षू १२४९ मध्ये चीनला शिकायला गेले आणि १२५४ मध्ये परत आले. येताना त्यांनी हांगझोऊजवळच्या जिंगशान मठातली मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा खारट गोळा, बनवायची रीत आणली. जिंगशानचा जपानी उच्चार किन्झान, म्हणून ती किन्झानजी मिसो. ते पुढे युआसाच्या जवळच युरा इथल्या मठात राहिले, त्याला आज कोकोकुजी म्हणतात, आणि तिथून ही मिसो आसपासच्या गावांत पसरली. युआसाचं पाणी चांगलं म्हणून इथे ती जास्त बनायला लागली. ही मिसो आपण सूपमध्ये बघतो तशी गुळगुळीत नसते. त्यात सोयाबीन, तांदूळ, जव आणि वर वांगी, काकडीच्या जातीचं एक फळ, आलं, शिसो नावाची सुगंधी पानं असं सगळं मीठ लावून मुरवलेलं असतं, आणि भाज्यांना मीठ लावलं की पाणी सुटतंच. ते पाणी पिंपाच्या तळाशी आणि वर साचायचं आणि लोक ते फेकून द्यायचे. कुणीतरी चाखून बघितलं, लागलं भारी, मग त्यात भाजी शिजवली, आणि हळूहळू लोक मिसोऐवजी त्या पाण्यासाठीच पिंपं भरायला लागले. तेच तामारी, सोया सॉसचं पहिलं रूप. गावात ही गोष्ट अशीच सांगतात. ती अक्षरशः अशीच घडली असेल असं माझं म्हणणं नाही, पण रीत मठातून आली आणि इथे वाढली ही युआसाची ओळख आहे, आणि जपान सरकारने २०१७ मध्ये गावाला जो वारशाचा दर्जा दिला तोही या पहिल्या थेंबाच्याच नावाने दिलाय.

दुकानात आम्हाला ती किन्झानजी मिसो चाखायला दिली, लाकडी चमच्यावर एवढुशी. आईने तोंडात घातली, डोळे मिटले आणि म्हणाली, "अगं हे लोणचंच आहे की, मुरलेलं!" अगदी बरोबर बोलली. तिकडे ती चहाच्या पाण्यात शिजवलेल्या पातळ पेजेबरोबर खातात, आपण मऊ भाताबरोबर लोणचं घेतो तसंच. आणि लोणच्याच्या बरणीत वर जो खार सुटतो ना, जो आपण पोळीला लावून खातो, तो डोक्यात ठेवा. सोया सॉस म्हणजे त्या खाराचा लांबचा भाऊ समजा, फक्त त्याला बुरशीची जोड आहे.

हो, बुरशी. इथेच बरेच जण तोंड वाकडं करतात पण सगळी जादू तिचीच आहे. तिला कोजी म्हणतात, जपान्यांना ती इतकी प्रिय आहे की तिकडच्या मद्य-किण्वनाच्या जाणकार संस्थेने २००६ मध्ये तिला देशाची राष्ट्रीय बुरशी म्हणून जाहीर केलं. काम असं चालतं. सोयाबीन रात्रभर भिजवून वाफवतात. गहू भाजून भरडतात, आपण भाजणीला भाजतो तसा खमंग वास येईपर्यंत. दोन्ही साधारण निम्मं निम्मं एकत्र करून त्यावर कोजीची बीजं भुरभुरतात आणि उबदार दमट खोलीत तीनेक दिवस ठेवतात. बुरशी वाढायला लागली की ती स्वतःच उष्णता सोडते, इतकी की लक्ष दिलं नाही तर स्वतःच्याच उष्णतेने मरेल, म्हणून कामगार रात्री-अपरात्री उठून हाताने ते सगळं उलटंपालटं करतात, गुठळ्या फोडतात, गार करतात. तीन दिवसांनी दाण्यांवर पिवळसर हिरवट मखमल चढलेली असते.

आता ही बुरशी करते काय? तिला खायचं असतं सोयाबीनमधलं प्रोटीन आणि गव्हातला स्टार्च, पण ते रेणू लांबच लांब साखळ्यांचे असतात, तिला गिळता येत नाहीत. म्हणून ती एन्झाइम सोडते. एन्झाइम म्हणजे कात्र्या समजा. एक जातीची कात्री प्रोटीनची साखळी कापून अमिनो आम्लं मोकळी करते, दुसरी स्टार्च कापून साखर करते. अमिनो आम्लांपैकी एक म्हणजे ग्लुटामिक आम्ल, आणि जिभेला जी ती भरलेली, मटणाच्या रश्शासारखी चव लागते ती याची. १९०८ मध्ये किकुनाए इकेदा या जपानी शास्त्रज्ञाने ही चव समुद्री शेवाळाच्या पाण्यातून वेगळी काढून दाखवली आणि तिला उमामी नाव दिलं. अख्खं सोयाबीन चावून खाल्लं तर ही चव लागत नाही कारण प्रोटीन अजून साखळीत बांधलेलं असतं. कात्री चालली की चव सुटते. सगळ्या सोया सॉसचं मर्म या एका वाक्यात आहे.

मग ही मखमल चढलेली कोजी मिठाच्या पाण्यात टाकतात. या मिश्रणाला मोरोमी म्हणतात, दिसायला आपल्या पुरणाच्या पातळ भावासारखी, तपकिरी, दाणेदार. मीठ भरपूर, साधारण १७ टक्क्यांच्या आसपास. मिठाने बुरशी मरते, पण तिने सोडलेल्या कात्र्या मरत नाहीत, त्या कापत राहतात. मला ही गोष्ट फार आवडते, काम करणारी गेली पण हत्यारं चालूच आहेत. मीठ दुसरं काम करतं ते राखणदाराचं, सडवणाऱ्या जंतूंना आत येऊ देत नाही. पण मिठात तग धरणारे दोन पाहुणे आत येतात. आधी लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणू, आपल्या दह्यातल्या जिवाणूंचे नातेवाईक म्हणा, ते आंबटपणा आणतात. आंबटपणा वाढला की यीस्ट जागं होतं, ते साखर खाऊन थोडं अल्कोहोल आणि भरपूर सुगंध तयार करतं. फळासारखा, कॅरॅमलसारखा, भाजल्यासारखा, असे तीनशेच्या वर वेगवेगळे सुगंधी घटक सोया सॉसमध्ये मोजलेत.

आणि काळा रंग? असा आंबवलेला सॉस असेल तर तो कुणी घालत नाही. अमिनो आम्लं आणि साखर महिनोन्‌महिने एकमेकांच्या शेजारी राहिली की हळूहळू तपकिरी होतात. कांदा परतताना तुम्ही दहा मिनिटांत जे करता, किंवा भाकरीवर तव्याचे जे डाग पडतात, तीच ही क्रिया, फक्त इथे विस्तवाऐवजी वेळ आहे. पारंपरिक ठिकाणी मोरोमी थंडीत भरतात, वसंतात ती हलायला लागते, उन्हाळ्यात बुडबुडे काढत जोरात आंबते, शरदात शांत होते. कमीत कमी एक उन्हाळा, बऱ्याच ठिकाणी दोन. मग कापडात बांधून, थर रचून, वरून दाब देऊन रस काढतात. हा कच्चा सॉस, त्याला नंतर गरम करतात म्हणजे उरल्यासुरल्या कात्र्या थांबतात, टिकतो आणि सुगंध अजून चढतो.

एवढं डोक्यात घेऊन आता युआसाच्या गल्लीत चला. ओसाकाच्या तेन्नोजी स्टेशनवरून कुरोशिओ नावाची एक्स्प्रेस मिळते, साधारण सव्वा तास, डाव्या-उजव्या डोंगरउतारांवर संत्र्यांच्या बागा दिसायला लागल्या की आलं समजायचं. स्टेशनवरून जुनं गाव दहा-पंधरा मिनिटं चालत. २००६ पासून हा जुना भाग संरक्षित आहे. सर्वात आधी येतो तो वास. खारट, गोडसर, भाजलेला, थोडा ओल्या लाकडाचा. बाबा म्हणाले आपल्या गावच्या वाड्यातल्या लोणच्या-पापडाच्या खोलीत असाच वास यायचा.

घरांच्या दाराशेजारी भिंतीला लाकडी चौकटीच्या पेट्या लावलेल्या दिसतील. त्या आधी कोजी आणि मिसोच्या कामात वापरायच्या, आता त्यात लोकांनी जुनी अवजारं, हायकू, फोटो ठेवलेत, म्हणजे चालता चालता अख्ख्या गल्लीचंच म्युझियम होतं. पुढे जिम्बुरो नावाचं जुनं सार्वजनिक स्नानगृह आहे, १९८५ पर्यंत चालू होतं, आता म्युझियम. दिवसभर मोरोमी ढवळून, पोती वाहून दमलेली माणसं संध्याकाळी इथे अंग शेकायला यायची. टाइल्स, वजनकाटा, सगळं तसंच आहे. आई तिथे बराच वेळ बसली.

सगळ्यात महत्त्वाचं ठिकाण म्हणजे कादोचो. १८४१ पासून त्याच जागी लाकडी पिंपांत सोया सॉस बनतोय. शेजारी त्यांचं १८६६ चं जुनं कोठार आहे, त्यात अवजारं मांडलीत, फुकट बघता येतं. माणसापेक्षा उंच पिंपं, लांब दांड्याची ढवळणी, कापडी पिशव्या, दाब द्यायचं लाकडी यंत्र. वरची प्रक्रिया माहीत असली की प्रत्येक वस्तूचं काम आपोआप कळतं, पाटी वाचायची गरज पडत नाही.

आणि अशा जुन्या कोठारात गेलात ना की वर बघा. तुळया, छत, भिंती यांच्यावर काळपट खरखरीत थर चढलेला असतो, पापुद्रे लोंबतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं किती कळकट, साफ का करत नाहीत. तो थर म्हणजे त्या घरची वस्ती आहे. शंभर-दीडशे वर्षं इथे राहणारे यीस्ट, जिवाणू लाकडाच्या भेगांत, पिंपांच्या छिद्रांत बसलेत आणि दर वर्षी नवीन मोरोमी भरली की तेच कामाला लागतात. बाहेरून विरजण आणावं लागत नाही, घरच विरजण आहे. म्हणून दोन शेजारच्या कोठारांची चवही वेगळी येते, आणि म्हणून छप्पर बदलायचं म्हटलं तरी हे लोक जुनी लाकडं टाकून देत नाहीत.

याच कारणाने एक सूचना, कुठल्याही सोया सॉसच्या कोठारात जायचं असेल तर त्या दिवशी सकाळी नात्तो खाऊ नका. नात्तो म्हणजे आंबवलेलं तारा सुटणारं सोयाबीन, हॉटेलच्या नाश्त्यात हमखास असतं. त्यातले जिवाणू फार चिवट, कोजीत शिरले तर सगळी बिघडवू शकतात, त्यामुळे बरेच लोक पाहुण्यांना आधीच तसं सांगतात. आईला हे समजावून सांगावंच लागलं नाही, ओला चमचा बरणीत घालू नये हे जिला माहीत आहे तिला कळतंच.

एके काळी या गावात साधारण हजार घरं होती आणि त्यात ९२ सोया सॉसवाले. दहा घरांमागे जवळजवळ एक! पिंपं भरून गावातल्या कालव्यावर बोटीत चढवायची, तिथून ओसाका, पुढे एदो म्हणजे आजचं टोकियो. इथल्या तोकुगावा सरदारांच्या राज्याचं या धंद्याला संरक्षण होतं. कालवा आजही तसाच आहे, दगडी काठ, मागे कादोचोच्या भिंती, मासेमारीच्या दोन-चार बोटी बांधलेल्या. मेइजी काळात, म्हणजे १८६८ नंतर, सरदारांची राज्यं गेली, संरक्षण गेलं, आणि तिकडे टोकियोजवळ चोशी आणि नोदाचे मोठे कारखाने पुढे निघून गेले. किक्कोमान आपल्याला सुपरमार्केटमुळे माहीत असतं, ते नोदाचं, १९१७ मध्ये तिथली घराणी एकत्र येऊन कंपनी झाली. युआसात आता हातावर मोजण्याइतकेच उरलेत.

पण चोशीचा धंदाही इथूनच गेलाय. युआसाला लागून हिरोगावा आहे, तिथल्या हामागुची घराण्यातल्या माणसाने १६४५ मध्ये चोशीला जाऊन सोया सॉसचा धंदा टाकला, तीच आजची यामासा ही सोया सॉसची कंपनी. आणि या घराण्यातल्या सातव्या पिढीच्या हामागुची गोर्योंबद्दल लिहिल्याशिवाय मला पुढे जाताच येणार नाही. १८५४ च्या डिसेंबरमध्ये मोठा भूकंप झाला, संध्याकाळी त्सुनामी आली, अंधारात लोकांना पळायला दिशा कळेना. गोर्यो गावातच होते, त्यांनी शेतात रचलेल्या भाताच्या गंज्या पेटवायला लावल्या, त्या उजेडाच्या दिशेने माणसं उंचावरच्या देवळाकडे चढली आणि वाचली. पण मला खरं मोठं वाटतं ते पुढचं. गाव उद्ध्वस्त झालं होतं, लोक गाव सोडून निघाले होते, तेव्हा या माणसाने सोया सॉसच्या कमाईतून समुद्राकाठी सुमारे ६०० मीटर लांब आणि ५ मीटर उंच बांध घालायला घेतला, गावकऱ्यांनाच मजुरीवर लावलं, जवळपास चार वर्षं काम चाललं. म्हणजे लोकांना रोजगारही मिळाला आणि संरक्षणही. १९४६ मध्ये परत त्सुनामी आली तेव्हा गावाचा बराचसा भाग त्या बांधामागे वाचला. ५ नोव्हेंबर हा संयुक्त राष्ट्रांचा जागतिक त्सुनामी जागृती दिन आहे, तो या घटनेवरून ठरवलाय, कारण जपानच्या जुन्या पंचांगाप्रमाणे त्या दिवशी अकराव्या महिन्याची पाच तारीख होती. आम्ही त्या बांधावरून चाललो. वर जुनी पाइनची झाडं आहेत, खाली शाळेची मुलं सायकलवरून जात होती. बाबा, जे सोया सॉसच्या विषयात फारसे रमले नव्हते, ते इथे पाटीसमोर हात जोडून उभे राहिले.

लाकडी पिंपांबद्दल थोडं सांगायचं राहिलं. आज जपानमधला जवळजवळ ९९ टक्के सोया सॉस स्टीलच्या किंवा तत्सम टाक्यांत बनतो, लाकडी पिंपांतला जेमतेम एक टक्का. पिंप सुगी नावाच्या झाडाच्या लाकडाचं, बाहेरून बांबूच्या वेण्या आवळलेल्या, लोखंडी खिळा नाही. आधी साकेवाले, म्हणजे तांदळाचं मद्य बनवणारे, नवं पिंप वीस-तीस वर्षं वापरायचे, मग ते सोया सॉसवाल्यांकडे यायचं आणि पुढे शंभर वर्षं चालायचं. साकेवाल्यांनी स्टीलच्या टाक्या घेतल्यावर नवी पिंपं बनणंच बंद होत आलं. शोदोशिमा बेटावरच्या एका सोया सॉसवाल्याने २०१२ मध्ये ओसाकाजवळच्या साकाईतल्या जुन्या कारागिरांकडून सुतारांना घेऊन हे काम शिकून घेतलं आणि आता दर जानेवारीत देशभरातले लोक तिकडे जमून पिंपं बांधतात. वेळ असेल तर ते बेटही करा, ताकामात्सुहून तासाभराची फेरी आहे, तिथे वीसेक कोठारं एकाच परिसरात आहेत. पण पहिल्यांदा जाणाऱ्याला मी युआसाच सांगेन.

आता बाटली घेताना काय बघायचं. मागच्या लेबलवर घटक वाचा, सोयाबीन, गहू, मीठ एवढंच असेल तर उत्तम. बऱ्याच सॉसमध्ये अख्ख्या सोयाबीनऐवजी तेल काढून उरलेलं सोयाबीन वापरतात, म्हणजे लातूर-वाशिमकडे ज्याची पेंड होऊन कोंबड्यांच्या खाद्यात जाते तसलंच. त्यात वाईट काही नाही, प्रोटीन तेच, फक्त अख्ख्या दाण्याचा गोडवा जरा मऊ लागतो. स्वस्त सॉसचा एक वेगळाच प्रकार असतो, त्यात प्रोटीन कात्र्यांऐवजी ॲसिडने काही दिवसांत तोडतात आणि मग कॅरॅमल रंग, साखर घालतात. लेबलवर हायड्रोलाइज्ड व्हेजिटेबल प्रोटीन दिसलं तर हे समजा. आपल्याकडच्या बाटल्याही एकदा उलट्या करून वाचा.

सोया सॉस शाकाहारी असतो, पण जपानमध्ये नूडल्सचं जे तपकिरी पाणी मिळतं त्यात बहुतेक वेळा सुक्या माशाचा अर्क असतो, दोन्ही दिसायला सारखंच, त्यामुळे विचारून घ्या. गव्हाची ॲलर्जी असेल तर साधा सोया सॉस चालणार नाही, तामारीत गहू कमी किंवा अजिबात नसतो, पण तिथेही लेबल बघा. आंबवण्यामुळे दोनेक टक्के अल्कोहोल नैसर्गिकपणे तयार होतं, ज्यांना वर्ज्य आहे त्यांना माहीत असावं. आणि उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवा, हवा लागली की रंग गडद होतो आणि वास पडतो. छोटीच बाटली घ्या.

दुकानात चाखताना आधी मऊ तोफूच्या तुकड्यावर दोन थेंब टाकून दिले होते. आधी मीठ लागलं, मग लगेच गोड, मग तोंडात बराच वेळ काहीतरी भाजलेलं रेंगाळत राहिलं. आईने एक छोटी बाटली पुण्याला नेली. परवा फोनवर सांगत होती, मऊ गरम भात, वर तूप आणि त्या बाटलीतले चार थेंब, बाबांनी दुसऱ्यांदा भात मागून घेतला.